तळ्याकाठचं गाऱ्हाणं

त्या दिवशी मी वेळेवर पोचले असते ना, तर सर्वेश माझ्या आयुष्यात आलाच नसता. हे मी त्याला प्रत्येक भांडणात ऐकवते. तो म्हणतो, "मग पुढच्या जन्मी लवकर निघ." आगाऊ आहे. पण तेव्हा नव्हता. तेव्हा त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे नारळ सोलण्याचं काम होतं.

आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची दर जानेवारीत सहल निघते. गाव तिकडे मालवणजवळ आणि माणसं इकडे उपनगरांत विखुरलेली... मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, मानखुर्द. एरवी सहल म्हणजे बस, अंताक्षरी आणि एखादं देऊळ. त्या वर्षी मात्र तरुण मंडळींच्या डोक्यात तंबूचं खूळ शिरलं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, तळ्याकाठी, एक मुक्काम! म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. "चांगला स्लॅब टाकलेला घर सोडून कापडाखाली निजूचा? आणि ता पण हौसेन?" पण आले सगळे. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, मफलर, कानटोप्या घेऊन आले.

आईबाबा सकाळीच गेले होते. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दुपारी पोचले, तर सगळे तळ्याकाठी गोल करून उभे. गाऱ्हाणं चाललं होतं.

आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आधी देवाला मोठ्याने, चारचौघांदेखत सांगायची पद्धत आहे. एक जण सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की शब्द कानात शिरायच्या आधी तोंडातून 'व्हय' बाहेर. आणि देवासमोर एकदा व्हय म्हटलं की परत घ्यायचं नाही. विषय संपला.

गाऱ्हाणं घालायचे अण्णा. मंडळातले सगळ्यात जुने. उभा जन्म गिरणीत गेलेला, आणि आवाजही तिथल्या भोंग्यासारखा. माणूस पक्का बेरकी. मंडळात कामाला कोणी पुढे होत नाही, म्हणून अण्णा कामं गाऱ्हाण्यातच वाटून टाकायचे. "जो कोण सांजेची भांडी घासूक बसात, तेच्या हातांक बळ दी रे म्हाराजा!" असं म्हणत ते तरुण मंडळींतल्या विकीकडे बघायचे. विकी सवयीने म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" आणि मग बसायचा बोंबलत.

मी धापा टाकत गोलात घुसले, चपला काढल्या, हात जोडले आणि ठणकावून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

एकटीच. बाकी सगळे गप्प. आणि मग असा हशा पिकला, की झाडावरची माकडंसुद्धा दचकली. समोर निळ्या टी-शर्टातला एक उंच मुलगा कानापर्यंत लाल होऊन स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता.

"काय झालं?" मी आईला विचारलं.

"काय व्हायचंय? सर्वेशच्या बोटीत जो कोण बसेल, त्याला सांभाळ, असं अण्णा म्हणाले. कोणी हो म्हणेना. सकाळी त्याने विकीला नेलं आणि बोट झाडीत घातली."

"ए, मी नाही हं बसणार!"

"देवासमोर हो म्हणालीस ना? आता बस."

अशी मी बसले. पायाने पॅडल मारायची, हंसाच्या आकाराची बोट. मान रंग उडालेली, चोच तुटलेली. हंस बिचारा आमच्यापेक्षा घाबरलेला वाटत होता. आम्ही पॅडल मारत होतो, मारत होतो... आणि काठावर उभ्या कोणाचं तरी तेच पिवळं जॅकेट पुन्हा पुन्हा समोर येत होतं.

"आपण गोल गोल का फिरतोय?"

"माहीत नाही गं... सकाळी पण असंच झालं."

"हँडल फिरवलंस का?"

"हँडल आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच शोधत होता. मग मी इतकी हसले, की बोट डुलायला लागली आणि त्याने घाबरून माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरलं. लगेच सोडलं. पुन्हा लाल.

"कोकणातला ना रे तू? आणि बोट येत नाही?"

"कोकणातले आजोबा. मी बोरिवलीचा. आमचा समुद्रसुद्धा खारफुटीच्या मागे लपलेला असतो." थोडं थांबून तो म्हणाला, "तू... कुठली?"

"मुलुंड."

त्याने तळ्यापलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "म्हणजे याच्या मागे. आपल्या दोघांच्या घरांच्या मधे नुसतं एक जंगल आहे. बिबट्या एका रात्रीत जात असेल तुमच्याकडे. मला घोडबंदरवरून दोन तास लागतील."

"तू कशाला येणार मुलुंडला?"

"असंच..." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "बिबट्या पण असाच जातो ना."

तिथेच माझी वाट लागली. पोरगा बोलत नव्हता, पण बोलला की मनात घर करायचा.

काय दिवस होते ते! सर्वेश लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर. त्यांचं वर्कशॉप साकीनाक्याला, माझं ऑफिस अंधेरीत. मग काय, आठवड्यातून एकदा तरी साकीनाक्याच्या टपरीवर चहा ठरलेला. गाड्यांचे हॉर्न, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला कटिंग हातात घेऊन. कुठल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कोण अडकलं, कोणती सासू-सून आत भांडत राहिली आणि दार उघडलं तरी बाहेर येईनात, हे सगळं तो सांगायचा. मध्येच गप्प व्हायचा. "श्रुतिका, तुला एक सांगायचं होतं..." मी ग्लास खाली ठेवायचे. मग तो म्हणायचा, "नाही... ते कांदिवलीच्या लिफ्टचं. झकास किस्सा आहे." लोकांना वरखाली पोचवणारा माणूस स्वतः मात्र मधल्याच मजल्यावर अडकायचा.

आणि दर जानेवारीला तळं. पहाटे पाण्यावर धुकं, ओल्या गवताचा वास, थंड आंबोळीवर झणझणीत उसळ, तंबूच्या कापडावर टपटपणारं दव. अण्णांचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत यायचा आणि वाटायचं, जंगलच व्हय म्हणतंय. दर वर्षी अण्णा त्या बोटीचं वाक्य घालायचे, दर वर्षी सगळे माझ्याकडे बघायचे, आणि दर वर्षी मी म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" बोट मीच चालवायचे. तो शेजारी बसून हसायचा. चार वर्षं गेली, हो! पण बोलेल तर शपथ.

मागच्या पावसाळ्यात अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. तरी जानेवारीत ते आले... गळ्याला मफलर, हातात काठी. गोल जमला, सगळे सवयीने त्यांच्याकडे बघायला लागले, आणि अण्णांनी काठीने सर्वेशला पुढे ढकललं. "तू घाल. शिकवलंय ना तुका?" सर्वेशने दोन वाक्यं पुटपुटली, तिसरं विसरला, आणि मागे येऊन उभा राहिला. बोटीचं वाक्य आलंच नाही. पहिल्यांदाच.

त्याच दुपारी तंबू ठोकताना मी त्याला सांगितलं. मुद्दामच सांगितलं.

"येत्या रविवारी मला बघायला येतायत."

त्याच्या हातातला दांडा तसाच राहिला. "कुठले?"

"वाशीचे. मुलगा बँकेत आहे."

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"चांगलं आहे?"

"म्हणजे... वाशीला नवीन बिल्डिंगा आहेत. लिफ्ट चांगल्या असतात."

मी तंबूच्या खुंटीवर असा दगड घातला की खुंटी वाकडी झाली. त्याच्या डोक्यात घालायला हवा होता. वाशीचा मुलगा वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. नीट नोकरी, नीट बोलणं, बाबा खूश. मला नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. जे कारण होतं, ते समोर उभं राहून मला लिफ्टबद्दल सांगत होतं!

तुम्ही म्हणाल, तूच का नाही बोललीस? नाही बोलले. न ऐकता एकदा हो म्हणून मोकळी झाले होते. आता मला ऐकून म्हणायचं होतं. निदान एकदा तरी कोणीतरी विचारायला हवं की नको माणसाला?

संध्याकाळी बोटीत बसायला मी गेलेच नाही. काठावरच्या दगडावर बसून तो तुटक्या चोचीचा हंस बघत राहिले. सर्वेश अण्णांजवळ बसला होता. अण्णा त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होते, तो मान हलवत होता. मला रडू आलं. आईने विचारलं तर म्हटलं, धूर गेला डोळ्यात. तिथे विस्तव पेटवायला बंदी होती. आई मांडीवर शाल टाकून गेली.

सकाळी तंबू उतरवले, सामान बांधलं. निघायच्या आधीचं गाऱ्हाणं उरलं होतं. गोल जमला. अण्णांनी नारळ सर्वेशच्या हातात दिला. त्याचा चेहरा असा पांढरा, की विकी म्हणाला, "यार, याला आधी पाणी द्या."

"बा देवा म्हाराजा..." त्याने सुरुवात केली. "ह्या तळ्याच्या, ह्या रानाच्या जागेवाल्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरां रातभर तुझ्या कुशीत सुखान निजली, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाक इंचू-किरडू आडवा इला नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

मग तो अडकला. आता हा विसरणार, नारळ ठेवणार आणि आपण घरी जाणार. अण्णांनी काठी जमिनीवर आपटली. एकदाच.

"आणि म्हाराजा..." सर्वेशचा आवाज चढला. इतका मोठा आवाज त्याच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. "आमच्यातल्या एका चेडवाक बघूक आयतवारी पावणे येवचे आसत, म्हाराजा..." चेडू म्हणजे मुलगी, आणि आयतवारी म्हणजे रविवारी... म्हणजे मीच!

"व्हय म्हाराजा!"

"त्या पावण्यांका दुसरीकडे सोन्यासारखी सून गावांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आईकडे बघितलं. "काय म्हणाला हा?"

आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"आणि जा माझ्या तोंडात इतकी वरसां अडाकला, ता आज भायर पडांदे, म्हाराजा. ह्या चेडू माका आवडता. पयल्या दिवसापासून... त्या बोटीपासून." आता तो देवाशी बोलत नव्हता. सरळ माझ्याकडे बघत होता. "तेच्या मनात आसात तर... हेका मात्र तेनाच व्हय म्हणूचा. बाकी कोणी नाय... म्हाराजा."

विकीच्या तोंडापर्यंत आलेलं 'व्हय' त्याने हाताने दाबलं. मला पळून जावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, आणि याला धरून बदडावंसंही वाटलं... दोन माणसांत बोलायला जमलं नाही आणि अख्ख्या गावासमोर बोलतोय! डोळे भरून आले ते आलेच. मी हात जोडले.

"व्हय म्हाराजा!"

एकटीच. पहिल्यासारखी, ठणकावून.

"अरे, पण..." बाबा पुढे आले. "अण्णा, हे काय गाऱ्हाणं झालं? मी त्या लोकांना या म्हटलंय!"

अण्णांची कुजबुज ऐकायला सगळा गोल पुढे वाकला. "आणि देवाक काय म्हटलंस, राजेश? सगळ्यांत मोठ्यान तूच वराडलंस. मिया आयकलंय."

बाबा मग माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. बघत होते, मी लहान असताना शाळेच्या दारात सोडून बघायचे तसे.

"ऐकून म्हणालीस का गं? की नेहमीसारखं?"

"ऐकून म्हणाले, बाबा. एकूण एक शब्द ऐकला."

ते सर्वेशजवळ गेले. त्याच्या हातातला नारळ काढून घेतला, जवळच्या दगडावर एका फटक्यात फोडला, आणि पाणी तळ्यात सोडता सोडता, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "वाशीला मी फोन करतो. रविवारी घरी पोहे ठरलेच आहेत. आईवडिलांना घेऊन ये. आणि घोडबंदरला ट्रॅफिक असतो, लवकर निघ."

सर्वेशने घाईघाईने हात जोडले.

"व्हय म्हाराजा!"