मंगलीबाईचा पाय

“डॉक्टरसाहेब, कापलेले पाय तुम्ही ठेवता कुठं?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. रविवारी चमेली आणि रुख्मिणी, माझ्या वर्गातल्या दोघी, बोरं घेऊन दवाखान्यात भेटायला आल्या, तेव्हा पैज लागली. मोठ्या डॉक्टरांना हे तोंडावर विचारलंस तर परीक्षेपर्यंत तुझ्या वह्या आम्ही उतरवून देऊ, म्हणाल्या. वर आणखी, तुझ्यानं व्हायचं नाही. हे शेवटचं म्हटलं नसतं तर मी कदाचित विचारलंही नसतं. पण दिवाळीआधी शाळेत भाषणात पहिली आल्यापासून, माझ्यानं न होणारं काही उरलं आहे असं मला वाटत नव्हतं.

अडतीस सालचा पौष. गोंदियाचा हा दवाखाना शिकवण्याचा होता. इथं खाट मिळे, दोन वेळचं जेवण मिळे, आणि त्याच्या बदल्यात नागपूरहून शिकायला आलेली आठ मुलं रोज सकाळी आपल्याला दाबून बघत. माझा डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता आणि आठही जणांना तो दाबायचाच असे. सोमवारी फेरी माझ्या खाटेशी आली आणि मी विचारून टाकलं. मुलं हसली. डॉक्टर हसले नाहीत.

“शिकवायला ठेवतो, बेटी. बरण्यांमध्ये.” वऱ्हांड्याच्या टोकाला एक बंद दार होतं, तिकडे त्यांनी मान वळवली.

मग ते मुलांशी इंग्रजीत बोलू लागले, माझ्याच डोक्यावरून. मुर्री गावच्या धानवाल्याची पोरगी तीन वर्षं इंग्रजी शिकते आहे, हे त्यांना कोण सांगणार? सगळं नाही कळलं, पण पुरेसं कळलं. हाडाचा क्षय. वाटा दोन. एक म्हणजे वर्षभर प्लास्टर, ऊन आणि दूध. गुडघा वाकणार नाही, पाय मात्र राहील. दुसरी म्हणजे मांडीतून कापायचं, दीड महिन्यात घरी. जगायची आशा दोन्हींत सारखीच. एका मुलानं विचारलं, मग आपण कोणती घ्यायची? डॉक्टर म्हणाले, तुमच्या तुकडीनं मांडीचं ऑपरेशन अजून बघितलेलं नाही.

एवढंच म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी बाबूजींना ऑफिसात बोलावलं. त्यांना एकच वाट सांगितली. त्यांनी सही केली आणि येऊन खाटेच्या कडेला बसले. गुरुवार ठरला, म्हणाले. मी सांगितलं की दुसरा इलाज आहे, मी माझ्या कानांनी ऐकला.

“तुले का समजते डॉक्टरचं इंग्रजी?” बाबूजी म्हणाले.

मला इतका राग आला की रडूही आलं नाही. पाय कोणाचा, ऐकलं कोणी, आणि सही कोणाची?

शेजारच्या खाटेवर मंगलीबाई होती. कचारगडाकडची, गोंडाची. पंधरा दिवसांपूर्वी तिचा डावा पाय नडगीतून काढला होता. तिचा नवरा उदेभान नवं कापड घेऊन आला होता, पाय गुंडाळून गावी न्यायला. त्यांच्यात माणूस पुरा मातीत जावा लागतो, नाही तर पुढं त्याला ठाव मिळत नाही. आमच्यातही वेगळं काय आहे? मागच्या साली धान कापताना विळ्यानं माझ्या डाव्या पायाची करंगळी अर्धी उडाली, तर तो तुकडा मायनं बांधीतच, धानाच्या खाचरात, पुरून टाकला होता. पण उदेभानला हसून परत पाठवलं. पायात जोडवं होतं, ते काढून द्यायचंही कुणाला सुचलं नाही.

तेव्हापासून मंगलीबाईचं एकच चाललं होतं. “माझा पाय ओला आहे वो. कोनी पुसून द्या.”

मुलं ते वहीत लिहून घेत. गेलेला अवयव शिरांना आठवत राहतो, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. मलाही पटलं. शास्त्र मला आवडतंच.

मंगळवारी जेवणानंतर धुरपताबाईनं फिनेलच्या पाण्यानं वऱ्हांडा आणि वॉर्ड पुसला. ती वॉर्डातली आया, बोलायला कमी. काळी फरशी ऊन लागून लगेच वाळली. बायका डुलक्या घेत होत्या. मी भूगोल उघडून पडले होते.

पान उलटताना खाली बघितलं तर फरशीवर पाऊल होतं. ओलं.

वऱ्हांड्यातून आत आलेलं. त्याच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे आणखी. मी मोजली, अकरा. सगळी डावी. उजवं एकही नाही. दुसऱ्या बोटाजवळ एक बारीक कोरडी रेघ सुटली होती, जोडव्याची सुटते तशी. शेवटचं पाऊल मंगलीबाईच्या खाटेशी संपलं होतं, बोटं तिच्याकडे करून.

मंगलीबाई झोपली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प.

मी घाबरले नाही. कोणीतरी लंगडी घालून गंमत केली असणार, मीच चमेलीला असं फसवलं असतं. धुरपताबाईला हाक मारली. तिनं बघितलं, बादली आणली आणि पुसायला बसली.

“कोणाची आहेत ही?”

“माले कायले इचारते पोरी,” ती म्हणाली. “रोज पुसून राहिली मी.”

बुधवारी दुपारी मी वॉर्डातल्या कुबड्या घेतल्या आणि त्या दारापर्यंत गेले. उठायची मनाई होती, पण मनाई ऐकण्यापलीकडे मी रागावले होते. दाराला कुलूप होतं. त्याची किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या खिशात असते, हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्या जाळीतून आत बघितलं. तिखट वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा. फळ्यांवर बरण्या. बरण्यांवर रंगानं नंबर, नाव एकीवरही नाही. एकीत जोडवं चमकत होतं.

तिच्या शेजारी एक मोठी बरणी होती. धुतलेली. पाणी काठोकाठ. आत काही नाही.

तिच्यावर तेवीस लिहिलं होतं.

माझ्या खाटेला टांगलेल्या कागदावरही तेवीस होतं. रंग अजून पुरता वाळला नव्हता, एक ओघळ खाली आला होता. बाबूजींनी सही केली त्याला दोन दिवस झाले होते. मला अजून कोणीही, काहीही विचारलं नव्हतं.

मी परत येऊन पडले. फरशी कोरडी होती. येताना मी नीट बघितली होती.

धुरपताबाई तेव्हा बाहेर पातेली घासत होती. मला तिचा आवाज येत होता.

मी डोळे मिटले नाहीत. तरी पावलं पडताना दिसली नाहीत. आधी नव्हती, मग होती.

एकेरी. डावी.

जोडव्याची रेघ नव्हती.

करंगळी अर्धी होती.

मी पांघरूण उचललं. माझा पाय जागेवर होता. गुडघ्याला पट्ट्या, पोटरीला फळी, खाली कोरडा मोजा. तीन आठवडे तो जमिनीला टेकला नव्हता. मी बोटं हलवली. अर्धी करंगळीही हलली.

शेवटचं पाऊल माझ्या खाटेशी होतं, बोटं माझ्याकडे करून.

“तुयाही ओला झाला का वो?” शेजारून मंगलीबाईनं हळूच विचारलं.

माय आणि बाबूजी पाच वाजता आले. उद्या ऑपरेशन म्हणून मायनं डब्यात खीर आणली होती. ती पायथ्याशी बसली, नेहमीसारखा माझा पाय मांडीवर घेतला, मोजा काढला आणि तळव्यावर हात फिरवला.

हात तिथंच थांबला.

तिनं ओली बोटं नाकाशी नेली आणि बाबूजींपुढे धरली. बाबूजींनी वास घेतला, बरण्यांचा तोच तिखट वास. ते आत्ताच त्या वऱ्हांड्यातून, त्या दारावरून आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता मला ऐकतील.

“बाबूजी, तो कागद वापस आना,” मी म्हणाले. “पाय माझा आहे, मी देत नाही. वर्षभर प्लास्टरमधी पडून राहीन. आन मंगलीबाईचा पाय तिच्या मानसाच्या हातात पडेपर्यंत इथून हालनार नाही. माय, तू उठशील तं खाली पाहून पाय ठेव. तिथं माझं पाऊल आहे.”