बुधी मागं मागं का जाते

जव्हारहून दाभोशाला जाणाऱ्या जीपमध्ये मागं समोरासमोर दोन फळ्या असतात. तिघांच्या फळीवर पाच बसतात, आणि समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. आषाढ अर्धा सरला होता. माझी धाकटी लेक हर्षाली दाराशी, तिला लागून मी. ड्रायव्हर मधूनं गाडी चालू केली, तेवढ्यात एक उंच पोरगा धावत आला आणि हर्षालीच्या बरोबर समोर आदळला.

केसांतून पाणी ठिबकत होतं, पण छातीशी धरलेली पिशवी कोरडी. तेवढं मी पाहून ठेवलं.

पुस्तकं भिजली नाहीत ना म्हणून त्यानं पिशवी उघडली, तर वरचंच पुस्तक ‘बुधीची आवणी’. छोटी बुधी भाताची रोपं लावते, त्याची गोष्ट. शब्द मुंबईच्या एका लेखकाचे, चित्रं माझ्या हर्षालीची.

माझी शाळा दुसरीतच सुटली. अक्षराला अक्षर जुळवत वाचते. पण चित्र मी पुरं वाचते, कोपऱ्यातल्या कोंबडीसकट.

“कसं आहे हो पुस्तक?” हर्षालीनं विचारलं. आवाज अगदी गोड. हा आवाज लागला की समोरच्यानं पळावं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

“गोष्ट छान आहे,” तो म्हणाला. “फिरत्या वाचनालयातून शाळांना पुस्तकं देतो मी. यावर लिहिलंयसुद्धा. मुलांच्या मासिकात परीक्षण आलंय माझं.”

“अगोबाई! तुम्ही परीक्षण लिहिता? मग... चित्रं?”

“हात चांगला आहे. पण चित्रकाराला दिशा कळलेली नाही.” त्यानं पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. “हे बघा. पान उलटत आपण उजवीकडं जातो. गोष्टीतलं माणूससुद्धा तिकडं तोंड करून चालायला हवं. ही बुधी पानापानावर पाठीमागं सरकते. मुलांचा गोंधळ उडतो.”

“कुठल्या मुलांचा?”

“म्हणजे... सर्वसाधारणपणे.”

“असं होय! चित्रकाराचं नाव काय हो?”

त्यानं पुस्तक उलटं करून पाहिलं. बघा! परीक्षण लिहून मोकळा झाला आणि नाव आता बघतोय. ते परीक्षण मी बोट ठेवून वाचलं होतं. लेखकाचं नाव पाच वेळा, माझ्या पोरीचं एकदाही नाही. आणि दिशेबद्दलच्या त्या चार ओळी वाचून प्रकाशनाच्या बाईंचा फोन आलेला, “पुढचं पुस्तक तुम्हालाच द्यायचं होतं, पण जरा थांबू या. जव्हारला पुस्तकाचा कार्यक्रम आहे, त्यानंतर ठरवते.” तेव्हापासून आठ दिवस पोरीनं ब्रशला हात लावला नव्हता.

“हर्षाली,” त्यानं वाचलं. “छान नाव आहे.”

“हो ना? परीक्षणात मावलं नाही वाटतं.”

त्यानं मान वर केली. तिच्याकडं बघितलं... बघतच राहिला. कान लाल झाले.

“तुम्हीच का...”

मी टपावर हात आपटला. “मधू, थांबव! आमचं वावर आलं.” आणि त्या पोराला म्हटलं, “उतर.”

“मला दाभोशाच्या शाळेत जायचंय, मावशी.”

“शाळा काय पळून जाते? उतर.”

“उतरा सर,” मधू पुढून हसला. “कमूबायनं सांगितलं की आम्ही गाडी बंद करतो.”

वावरात सहा बाया मेणकापडाच्या खोळी पांघरून आवणी करत होत्या. मी त्याच्या हातात रोपांची मूठ दिली. “लाव.”

“सुरुवात... कुठून करायची?”

“दिशा तुला कळते म्हणतोस. तूच ठरव.”

त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधावरून चिखलात उतरला. चार रोपं लावली, बरी लावली. मग पाऊल पुढं टाकलं ते थेट रोपावर. पाय उपसला तर आणखी दोन रोपं टाचेबरोबर वर आली. ती परत खोचली, वळसा घालून पुढं गेला, दुसऱ्या पायाखाली तीन गेली.

“सर, लावताय का तुडवताय?” त्यांतली हौशी म्हणाली, आणि बाया खोळींतून खुदखुदल्या.

तो उभा राहिला. मग पहिल्यांदा त्यानं बायांकडं नीट पाहिलं. सगळ्या वाकलेल्या, सगळ्या मागं सरकणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या पुढं हिरवी ओळ वाढत चाललेली. मेणकापडावर पाऊस वाजत होता. मग वळला. एक रोप लावलं, एक पाऊल मागं. दुसरं रोप, आणखी एक पाऊल.

हर्षाली शेजारच्या ओळीत उतरली. “गोंधळ उडाला का, सर?”

“उडाला होता,” तो म्हणाला. “आता गेला.” थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “पान उलटलं की वावर भरत जातं. तिचं तोंड लावलेल्या रोपांकडं आहे... आणि शेवटच्या पानावर टाच बांधाला लागते. मला वाटलं होतं, ती पडतेय.”

“पडतेय!” हर्षाली इतकी हसली की हातातली मूठ चिखलात गेली. आठ दिवसांनी हसली.

“गाव कुठलं तुझं?” मी विचारलं.

“सूर्यमाळ. नाव रोहिदास. पण वाढलो जव्हारला. बाबा कचेरीत कारकून आहेत.”

“म्हणजे आजा जन्मभर चिखलात मागं सरकला, म्हणून बाप खुर्चीवर बसला. आणि नातू विचारतो, ही मागं का जाते!”

त्यानं खाली मान घातली. पुढचं रोप लावलं. हेही मी पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. म्हणे, ओळ अर्धी राहिली होती. तिसऱ्या दिवशी ओळ पुरी झाली, तरी आला. शाळांची फेरी आटोपून दुपारी यायचा आणि हर्षालीच्या शेजारची ओळ धरायचा. मूठ देता-घेता बोटं लागायची... दोघंही मग उगाच पावसाकडं बघायची. मी आंधळी नाही.

“सर, तुमची ओळ वाकडी चाललीय.”

“तुम्ही शेजारी असलात की वाकडीच जाते.”

“मग मी परीक्षण लिहू? हात बरा आहे, पण दिशा कळलेली नाही.”

“दिशा तर...” तो थांबला. “कळायला लागलीय.”

मी खाकरले. दोघं खाली वाकली.

चौथ्या दिवशी बांधावर चहा पिताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. “मी नवं परीक्षण पाठवलं होतं. संपादक म्हणतात, एका पुस्तकावर दोनदा छापत नाही.”

हर्षालीनं कप खाली ठेवला. “मला कौतुक नकोय. तुम्ही चुकलात ते चारचौघांत चुकलात. बरोबरही चारचौघांतच करा. जव्हारच्या कार्यक्रमाला प्रकाशनाच्या बाई येणार आहेत, लेखक येणार आहेत, आणि बोलणार तुम्हीच.”

“तिथं उभं राहून मला पुस्तक वाचता आलं नाही म्हणालो, तर पुन्हा परीक्षण कोण मागेल माझ्याकडं?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली आणि वावरात उतरली. त्या दिवशी ती त्याच्यापासून चार ओळी लांब होती.

कार्यक्रमाला जव्हारचा हॉल भरला होता. मी पहिल्या रांगेत बसले. मागं बसायला मी काही कुणाचं खाल्लेलं नाही. लेखक बोलले, पुष्कळ बोलले. मग रोहिदास उठला. हातात कागद होता, तो घडी करून खिशात घातला.

“या पुस्तकावर मी लिहिलं होतं की चित्रकाराला दिशा कळली नाही,” तो म्हणाला. “ते चूक होतं. भाताची आवणी मागं सरकत करतात. हे इथल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं, मला कळलं नव्हतं. चित्र बरोबर होतं, मला वाचता आलं नाही. दुसरी चूक त्याहून मोठी. चित्रं काढणारीचं नाव मी लिहिलं नाही. या पुस्तकातली अर्धी गोष्ट शब्दांत नाहीच. ती हर्षालीनं सांगितली आहे.”

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि ती पुढं पुढं येत गेली. लेखकांनीही वाजवली, जरा उशिरा.

प्रकाशनाच्या बाई चहाच्या टेबलापाशी हर्षालीकडं आल्या. “पुढचं पुस्तक तुमचंच. कधी सुरू करता?”

“उद्यापासून,” हर्षाली म्हणाली. “फक्त माझं नाव मुखपृष्ठावर हवं. लेखकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार! माझीच पोर. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर रोहिदास छत्री घेऊन उभा होता. बारीक झिमझिम चालू होती. हर्षाली त्याच्याजवळ गेली. मी दाराशीच थांबले, चप्पल शोधत. चप्पल पायातच होती.

“नव्या पुस्तकावर तुम्हीच लिहा,” ती म्हणाली. “आता तुम्हाला वाचता येतं.”

तो छत्रीच्या काडीवरचं पाणी बोटानं पुसत राहिला.

“नाही लिहिणार.”

तिचा चेहरा पडला. “चित्रं न बघताच?”

“सगळी बघेन. पण तुझ्या कुठल्याच पुस्तकावर यापुढं मला लिहिता येणार नाही.”

“का?”

“आपल्या माणसाच्या पुस्तकावर परीक्षण लिहीत नाहीत, हर्षाली. तसा नियम आहे.”

पागोळीचं पाणी पायरीवर टपटपत होतं.

“आपलं माणूस...” ती हळूच म्हणाली. “हे तुम्ही एकट्यानंच ठरवलंत?”

“चुकलं असेल तर सांग. चारचौघांत कबूल करायची आता सवय झालीय मला.”

ती हसली. नेहमीचं खळखळून नाही, आतल्या आत. मग मान खाली घालून म्हणाली, “नाही चुकलं.”

आता मात्र मी पुढं झाले. दोघं दचकली.

“लिहायचं नाही तर नको लिहूस,” मी त्याला म्हटलं. “पण तिचं चित्र बिघडलं तर घरात, तोंडावर सांगायचं. गोडगोड बोलणारा जावई मला चालणार नाही. आणि आईबापाला घेऊन कधी येतोस ते सांग.”

“येत्या सोमवारी आणतो,” तो म्हणाला. “आणि चित्राचं सांगेन, आये.”

आये! इतके दिवस मावशी म्हणत होता. मी त्याला टोकलं नाही. त्याच्या हातातली छत्री काढून घेतली, आपल्या डोक्यावर धरली आणि जीपच्या दिशेनं चालू लागले. मागून दोघं भिजत येत होती, आणि घाई कुणालाच नव्हती.