पालथं पान

"आत जायचं तर आत्ताच जाऊ," रागिणी हळूच म्हणाली. "मामा झोपला आहे तोवर."

विपुलनं फाटकाकडे पाहिलं. परतवाड्याच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानाचं ते फाटक अर्धवट उघडं होतं. वैशाखातली भरदुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चिंचेवरचे कावळेसुद्धा चोची वासून गप्प बसले होते.

"आमच्या वर्गातला रोहित सांगून रायला होता," विपुल म्हणाला, "भरदुपारी इथं एक पोरगी पानी मागते."

"मंग देऊ तिले," त्याची धाकटी बहीण खुशी म्हणाली. "आपल्यापाशी बाटली हाय नं."

बारा वर्षांच्या भावानं बाटली तिच्याच हातात दिली. तो रागिणीच्या मागे निघाला.

तेरा वर्षांची रागिणी सुट्टी लागताच अकोल्याहून मामाकडे, अंजनगाव सुर्जीला आली होती. मामाचा तिथं पानमळा; विपुल आणि खुशी ही त्याची पोरं. आज आखिती, म्हणजे अक्षय तृतीया. सकाळी घरात पूर्वजांच्या नावानं मातीचे करे पाण्यानं भरले गेले आणि प्रत्येकाच्या तोंडावर विड्याचं एक पान ठेवलं गेलं. एकाच कऱ्यावर मात्र पान पालथं होतं. घरातलं जे माणूस हरवलं आणि जिवंत की मेलं हे कुणालाच कळलं नाही, त्याचा करा असा ठेवायचा, ही फक्त त्याच घराची रीत. गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. तो करा पारूचा.

सव्वाशे वर्षांपूर्वी, संवत छप्पन्नच्या, म्हणजे इसवी १९००च्या दुष्काळात, मामाच्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, आजोबा श्रावण आपल्या चिमुकल्या बहिणीला पाठीवर घेऊन परतवाड्याच्या ख्रिस्ती मिशनपर्यंत चालत आले होते. तेव्हा तेही पोरच. पारूला दाराशी बसवून ते म्हणाले, "पानी आनतो," आणि पाणी शोधता शोधता तापानं वाटेतच पडले. बरे होऊन परतले तेव्हा मिशननं सगळी पोरं दुसरीकडे हलवली होती. तेव्हापासून त्या घरात एक व्रत होतं. पारूची खबर लागेपर्यंत घरातल्या कर्त्या पुरुषानं आखितीला दिवस मावळेतो पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

आता ते व्रत रामराव आबांकडे होतं आणि आबा ऐंशीचे होते. गेल्या वर्षी ते चक्कर येऊन पडले. यंदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की या उन्हात दिवसभर कोरडे राहिलात तर जिवावर बेतेल. आबांनी ऐकून घेतलं आणि आज पहाटेच पाण्याचा तांब्या दूर सारला.

शेखरमामानं गेल्या वर्षी शोध घेतला होता, पण तो कसा! चर्चमधल्या मरणाच्या नोंदी वरवर चाळल्या, पारू सापडली नाही, आणि घरी येऊन ठोकून दिलं की सापडली, सुखानं गेली, आता पाणी प्या. आबांनी विचारलं, कबर कुठं आहे? मामाची बोबडी वळली. त्या दिवसापासून आबांचा कुणाच्याच शब्दावर विश्वास उरला नव्हता. आज पोरांनी हट्ट धरला म्हणून मामा एसटीनं पुन्हा आला खरा, पण पाद्रीसाहेबांच्या ओसरीवर कूलरचा वारा लागताच त्याचा कुंभकर्ण झाला.

कब्रस्तानात वाळलेलं गवत पायाखाली चुरचुरत होतं. पारूची कबर असलीच तर इथं असेल, म्हणून रागिणी एकेक दगड वाचत पुढे सरकत होती. मध्येच ती थांबली.

टप... टप...

या रखरखाटात पाणी कुठलं? आवाज भिंतीकडून येत होता. तिघं एकमेकांचे हात धरून तिकडे गेली. एका साध्या कबरीवर मातीचा करा ठेवला होता. त्यातून झिरपलेलं पाणी दगडावर ठिबकत होतं. दगडावर नाव होतं सारा, मरण १९६१.

कऱ्याच्या तोंडावर विड्याचं पान होतं. पालथं.

रागिणी पानाकडे वाकली. हे पान तर आपल्या घरातलं! सकाळी तिनं स्वतः तसंच ठेवलं होतं. इथं, परक्यांच्या कब्रस्तानात, ते कुणी आणलं? आणि तेवढ्यात चिंचेमागून पांढरं काहीतरी सरकलं. पदर होता की नुसता भास, कळेना. विपुलनं धूम ठोकली. रागिणीही पळाली. खुशी मागे राहिली, बाटलीतलं थोडं पाणी तिनं कबरीवर ओतलं आणि मग आली.

"काहून ओतलं?" विपुलनं धापा टाकत विचारलं.

"तिले तहान लागली असन तर?" खुशी म्हणाली.

मामा अजून घोरत होता. रागिणीनं पाद्रीसाहेबांना विचारलं, गेल्या वर्षी मामानं नेमकं काय पाहिलं? ते म्हणाले, दफनाची वही. तीही दुष्काळाच्या सालाची. रागिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मामानं पारूला मेलेल्यांत शोधलं," ती म्हणाली. "जिवंतांत कोणी पाहिलंच नाही!"

पाद्रीसाहेबांनी चष्मा वर करून या पोरीकडे नीट पाहिलं आणि बाप्तिस्म्याची वही काढून दिली. हलवलेली बरीच पोरं दुष्काळ सरल्यावर इथंच परत आणली होती, असं ते म्हणाले. पानं पिवळी, कडांना वाळवी लागलेली. दुष्काळानंतरच्या सालांवर आल्यावर रागिणीचं बोट एका ओळीवर थबकलं. 'सारा. मूळ नाव पारू. अंजनगाव, पानमळा. भाऊ श्रावण पाणी आणावयास गेला, तो आला नाही.'

सारा! मघाच्या कबरीवरचं तेच नाव! लग्नांच्या वहीत तिच्या लग्नाचीही नोंद मिळाली. सही तिची स्वतःची होती.

"लिहिता येत होतं तर तिनं भावाला शोधलं असेलच," रागिणी म्हणाली.

मिशनच्या जुन्या वर्तमानपत्राचे बांधलेले अंक कपाटात होते. त्यातलं हरवलेल्या माणसांचं सदर तिघांनी वाटून घेऊन चाळलं. विपुलला त्यात एक पत्र सापडलं, आणि ते त्यानं मोठ्यानं वाचलं. 'अंजनगावचा माझा भाऊ श्रावण जिवंत असल्यास त्यास कोणी सांगावे. मी तहानेने मेले नाही. सारा.'

ते पत्र पानमळ्यात कधी पोचलंच नाही. पोचलं असतं तरी तिथं वाचणारं कोण होतं?

"माह्या आजीच्या कबरीवर पानी कोनं सांडलं?"

दारात पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उभी होती. विपुल खुर्चीमागे गेला. पाद्रीसाहेब हसून म्हणाले, या दीनाबाई, आमच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. साराची नात.

खुशीनं गुन्हा कबूल केला. मग रागिणीनं त्या पालथ्या पानाबद्दल विचारलं. दीनाबाई म्हणाल्या, करा श्रावणच्या नावाचा आहे. भाऊ वाटेतच मेला असावा असं आजीला वाटे, पण खात्री नव्हती, म्हणून ती जन्मभर पान पालथं ठेवत आली. तिच्यामागं आपण तिच्याच कबरीवर ठेवतो. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून भरदुपारी, कुणी नसताना.

इतकी वर्षं दोन घरं एकमेकांच्या तहानेसाठी पाणी भरत होती, आणि मध्ये फक्त काही कोसांचं अंतर होतं!

तेवढ्यात झोपलेल्या मामाचा फोन वाजला, आणि रागिणीनं तो उचलून स्पीकरवर टाकला. मामी रडत होती. आबा खाटेवर पडले होते, ओठ सुकले होते, तरी पाण्याला तोंड लावत नव्हते. रागिणीनं फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून आबांचा खोल गेलेला आवाज आला. "मांगच्या वर्षी शेखर बी असाच बोलला होता, पोरी."

मामाची झोप खाडकन उडाली. दीनाबाईंनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "कोन्ती एसटी हाय?"

अंजनगावात पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आबांनी दीनाबाईंना पाहून मान फिरवली. आता माणसंसुद्धा भाड्यानं आणू लागले, असं काहीसं पुटपुटले. दीनाबाई खाटेजवळ बसल्या.

"श्रावणच्या डाव्या कानाची पाळी फाटकी होती," त्या म्हणाल्या. "पारूनं लहानपनी बाळी ओढली होती. मायनं तिले मारू नये म्हनून त्यानं सांगतलं, काटा लागला."

आबा हळूहळू वळले. आजोबांच्या मांडीवर बसून त्यांनी तो फाटका कान कितीदा चाचपला होता. आजोबा त्यांनाही काट्याचीच गोष्ट सांगत.

"तिले पानी भेटलं?" आबांनी विचारलं.

"भेटलं. साठी पार करून गेली. कोनी बी दारी आलं का पहिले पानी देये."

दीनाबाईंनी ग्लास पुढे केला. आबा म्हणाले, "पहिले तू पी, बहिनी." त्या दोन घोट प्यायल्या. मग आबा प्यायले. सूर्य अजून पानमळ्यावर होता.

आबांनी पोरांना जवळ बोलावलं. "माह्या बापाले जमलं नाही, मले जमलं नाही," ते म्हणाले. "या पोट्ट्यायनं करून दाखवलं." शेखरमामानं मान खाली घालून रागिणीच्या पाठीवर थाप मारली. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

आबा आणखी एक ग्लास पाणी मागत होते.