लहान प्रमाण

प्रयोगशाळेतल्या टेबलावर दोन आगगाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचा डबा पाळण्याएवढा, दुसरीचा पेन्सिलीएवढा.

"प्रमाण आत्ताच ठरवायचं, नलिनीताई," डॉ. सबीहा मुजावर म्हणाल्या. "मागाहून बदलता येणार नाही."

घरात छोटी रेल्वे कोणत्या प्रमाणात बांधायची, यावरून नलिनी आणि अच्युत खांबेटे यांचं लग्नापासून भांडण होतं. लहान केली तर अख्खा घाट खोलीत मावेल, असं तो म्हणायचा. तिला मोठी हवी होती, कारण बाहुल्यांचे चेहरे तीच रंगवणार होती. भांडण मिटलं नाही, रेल्वे झाली नाही, आणि गेल्या वर्षी अच्युत गेला. मागे राहिली ती त्याची स्मृतिप्रत. आजारपणात त्याच्या मेंदूची हुबेहूब उतरवून घेतलेली नक्कल. आता ती एका चालत्याबोलत्या बाहुल्यात घालायची होती. छोट्या स्टेशनाशेजारच्या क्वार्टरमध्ये तो बाहुला राहणार होता.

"लहान देहाला आपल्या वेगाचं मन चालत नाही," सबीहा समजावू लागल्या. "लांब दोरीचा झोपाळा सावकाश झुलतो, आखूड दोरीचा भराभर. तसंच हे. देह जितका लहान, तितकी हालचाल जलद. मन मागे राहिलं, तर तोल गेल्याचं कळायच्या आत बाहुला पडलेला असेल. म्हणून मनही पळवावं लागतं. मोठ्या प्रमाणात चौपट, लहानात बारापट."

"म्हणजे?"

"तुमचा महिना, त्यांचं वर्ष. वयही त्याच हिशेबानं चढेल."

"मोठी रेल्वे घरात मावेल?"

"छे! तिला इथलंच दालन लागेल. तुम्ही भेटायला येत जा."

"भेटायला तर मी दवाखान्यातही जात होते," नलिनी म्हणाली. "आता त्याला घरी न्यायचंय."

लहान रेल्वे हॉलमध्ये मांडली गेली. नलिनीचं बोलणं जलद करून आत पोचवायला आणि त्याचं सावकाश करून बाहेर आणायला ध्वनिसेतू बसवला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा अच्युत फलाटावर आला आणि म्हणाला, "नलू, मावला की नाही घाट?"

ती हसली आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस?"

ती फक्त झोपली होती.

मग ती उभ्याउभ्या जेवू लागली, रात्री गजर लावून उठू लागली. तरी भागेना. "तुझ्या उत्तराची वाट बघत मी बोगद्यापर्यंत जाऊन येतो," अच्युत एकदा म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता त्यात, आणि तेच तिला सोसवेना.

ती सबीहांकडे गेली. "माझीही प्रत काढा. त्याला सोबत होईल."

"तिला सगळं आठवत असेल. पण तिचं आयुष्य तुमच्या वाट्याला येणार नाही, हे लक्षात घ्या."

"माझ्यासारखीच माया करेल ना?"

"तंतोतंत."

नलिनीची प्रत बाहुली होऊन क्वार्टरमध्ये राहायला गेली. आधी आधी ती दोघं आतून हौसेनं बोलत. मग उत्तरं तुटक झाली. नलिनीला उलट हायसं वाटलं. कितीतरी महिन्यांनी ती गाढ झोपली. दिवाळीला बहिणीकडे सांगलीला गेली आणि महिनाभर राहिली. परतल्यावर, चप्पलसुद्धा न काढता, तिनं हाक मारली.

"अच्युत!"

क्वार्टरचं दार उघडलं. अच्युतच्या आवाजाला आता वयाची थरथर होती. "कोण आहे गं? कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं."

उत्तर नलिनीच्याच आवाजात आलं. "कुणी नाही. वारा असेल. आत चल, गारठा आहे."

नलिनी जागच्या जागी थिजली. सूर तिच्या ओळखीचा होता. दवाखान्यात अच्युतचा डोळा लागलेला असताना कुणी भेटायला आलं, की ती दारातूनच त्यांना वाटेला लावायची, ती अशाच आवाजात. त्या माणसांचं काय होत असेल, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

"अगं, मी आहे..." ती म्हणाली.

तिचे शब्द पुरे होऊन आत पोचेपर्यंत दार लागलं होतं आणि खिडकीतला दिवा मालवला गेला होता.