जमनाबाईंची रोजची चाल

अंगणात खडूची रेघ ओढत भैरवी मागे मागे सरकत होती, आणि रेघ सरळ कुणाच्या तरी बुटावर चढली.

“मॅडम, माह्या बुटालेही मोजून राह्यल्या काय?”

जमनाबाईंचा नातू इंद्रजित. उंच, आणि ओठांआधी डोळ्यांनी हसणारा.

“पाय काढा. माझी रेघ वाकडी होतेय.”

“रेघच ना? मंग ठीक हाय...”

भैरवी यवतमाळहून दारव्ह्यात म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीला आली होती. शरीराची चपळाई आणि स्मृतिभ्रंश यांचं काय नातं असतं, हे तिच्या चमूला शोधायचं होतं. जमनाबाई खुर्चीतून टुणकन उठल्या. मुठीची ताकद मोजायचं यंत्र त्यांनी लिंबासारखं पिळलं. पण “रोज चालता तशा चाला” म्हटल्यावर मात्र त्या रेघेवरून गोगलगाईसारख्या निघाल्या.

इंद्रजितचं हसू विझलं. “चाल मंदावली का पुढं विसरणं सुरू होते म्हणतेत... खरं हाय?”

“धोका थोडा वाढतो. आजार झालाच असं नाही.”

“आजीनंच वाढवलं मले. उद्या तिनं मलेच ‘तू कोनाचा रे?’ म्हटलं तं—”

भैरवीने जमनाबाईंचे आकडे पुन्हा तपासले. कोडं तिला स्वस्थ बसू देईना. पाय इतके दणकट, मग चाल अशी का?

बाजाराच्या दिवशी ती मुद्दाम पुन्हा आली. बाजाराच्या वाटेवर पुढे इंद्रजितचे आजोबा नागोराव, गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत. मागे जमनाबाई, त्यांच्याच तालात. पाठोपाठ इंद्रजित आणि ती.

भैरवी एकदम थबकली. “आजोबा, तुम्ही इथे चहा घ्या. आजी, तुम्ही त्या कडुलिंबापर्यंत एकट्या जा पाहू!”

पदर खोचून जमनाबाई अशा सुटल्या, की भाजीवालीने पाटी मागे ओढली.

नागोरावांचा कप हातातच राहिला. “बुढे! मंग इतके वर्सं माह्या मांगं रांगत होती काय तू?”

“तुमचा गुडघा दुखते. तुमाले टाकून म्या कायले पळू?” जमनाबाई कडुलिंबाखालून ओरडल्या.

इंद्रजित मोठ्याने हसला, मग बाहीने डोळे पुसले. भैरवीने घाईघाईने टोमॅटोंकडे पाहिलं.

ती परत निघाली तेव्हा तो तिला जीपपर्यंत सोडायला आला. चालता चालता तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. एवढे लांब पाय, आणि पावलं मात्र तिच्याएवढीच.

“इंद्रजित, तुमची रोजची चाल हीच?”

“नाही...” त्याचे कान लाल झाले. “रोज तं मी लय भरभर चालतो.”

“मग आज?”

“आज तुम्ही हाय ना संगं. अन्... खरं सांगू? रोज असल्या, तं रोज असाच चालीन.”

समोर यवतमाळची जीप भरत आली होती. “एकच जागा, ताई! चला लवकर!” ड्रायव्हर हाका मारत होता.

“जाऊ द्या तुम्ही,” भैरवी ड्रायव्हरला म्हणाली, “मला सावकाश जायचंय.”