कडेचा हात

दार लोटून घ्या आणि जवळ सरका, पोरांनो. मघाशी विचारलंत ना, की मी रंग विकतो, कॅनव्हास विकतो, जुनी चित्रं जमवतो, पण एकाही चित्राच्या कडेला कात्री का लागू देत नाही? सांगतो. कुठून उडत आलेली गोष्ट नाही ही. ज्याच्यावर गुदरली तो फ्रेमवाला माझा जुना दोस्त. सोनेरी मुलाम्याचा त्याला इतका सोस, की बाजारात सगळे त्याला सोनेरीच म्हणत. रागावली की बायकोसुद्धा.

नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. दुपारी कधीतरी आभाळ भरून आलं होतं, पण पडलं काहीच नाही. संध्याकाळी सोनेरी स्कूटर काढून घड्याळजींच्या घरी एक चित्र आणायला गेला. रोजचंच काम.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, हळू बोलणारे, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांची बायको चित्रकार. ती जाऊन उद्या वर्ष व्हायचं होतं. जेवणघराच्या भिंतीवर तिचं एक चित्र वीस-बावीस वर्षं बिनफ्रेमचं लटकत होतं. तपकिरी भिंतीपुढे पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी उभी. तिचा एक हात बाजूला वर केलेला, आणि चित्राच्या कडेतून एका बाईचा हात आत आलेला. बाई नाही, नुसता हात. त्याने मुलीची बोटं धरलेली.

"आमची लेक," घड्याळजी म्हणाले. "तापात गेली. त्यानंतर हिने हे काढलं. मी म्हटलं, अगं, स्वतःलाही काढ की शेजारी. तर म्हणाली, मी नको, हात पुरे. तेवढा सुटता कामा नये."

"आणि इतकी वर्षं फ्रेम नाही केलीत?"

"करू द्यायची नाही. फ्रेमची पट्टी कडेवर चढते, हात झाकला जाईल म्हणायची. पण उद्या सकाळी चार माणसं येणार, हे असं उघडं बरं दिसत नाही. कडेचं मात्र सांभाळा हं, शेट."

"तुम्ही काट्यांची काळजी करा, घड्याळजी. कडा माझ्यावर सोडा."

दोघेही हसले. सोनेरीने चित्र जुन्या चादरीत गुंडाळून दुकानात आणलं.

दुकानात एक कोरीव फ्रेम होती. किती वर्षं पडून होती कुणास ठाऊक. सोनेरीचा जीव तिच्यावर, पण तिच्या मापाचं चित्रच येईना. त्याने सहज ती या चित्रावर धरून पाहिली. उंचीला बरोब्बर! रुंदीला मात्र चार बोटं चित्र जास्त. आणि त्या चार बोटांत काय होतं? तो हात.

सोनेरीला चित्रातलं कळायचं, हे मी नाकारत नाही. नेमकं तेच नडलं. तो मान तिरपी करून बघत बसला. कडेला असा तोडलेला हात शोभत नाही, त्याला वाटलं. हात गेला तर नजर सरळ मुलीच्या चेहऱ्यावर जाईल. बाईंना उत्तम रंगवता यायचं, पण कुठे थांबायचं ते उमगलं नाही. म्हाताऱ्याला सांगू, पट्टीखाली झाकला गेला म्हणून. एवढी देखणी फ्रेम बघून तो काय बोलणार आहे?

त्याने मागचे खिळे उपसले, कॅनव्हास सोडवला आणि मोजपट्टी लावून धारदार पात्याने कडा कापली. कापलेल्या तुकड्याची गुंडाळी केली आणि भुशाच्या खोक्यात टाकली. लाकडी सांगाडा तेवढा तासून चित्र पुन्हा ताणलं, फ्रेममध्ये बसवलं.

झकास दिसत होतं. फक्त ती मुलगी आता एकटी, सोन्याच्या पट्टीकडे हात करून उभी होती. हातात कुणाचाच हात नाही. सोनेरी दिवा घालवून जिना चढला.

वर घर. बायको नर्स, रात्रपाळीला गेलेली. घरात तो आणि सहा वर्षांची चिमी. दोन वेण्या, दोन निळ्या रिबिनी. एक आई बांधायची, दुसरी चिमी हट्टाने स्वतः बांधायची आणि ती कायम सुटायची.

"बाबा, तुमच्या हाताला वास येतोय."

"कसला गं?"

"दुसऱ्या कुणाचा तरी."

"आगाऊ! झोप आता."

मध्यरात्र उलटून गेली असेल. सोनेरीला जाग आली ती चिमीच्या आवाजाने. ती झोपेतच पुटपुटत होती.

"एवढा घट्ट नका ना धरू..."

सोनेरीने अंधारात स्वतःचे हात चाचपले. दोन्ही त्याच्याच छातीवर होते.

"चिमे?"

खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरला होता. ताज्या रंगाला येतो तसा. त्याच्या दुकानात फ्रेमा होत्या, ओला रंग कधीच नव्हता. त्याने उशीजवळची बॅटरी लावली.

अंथरूण रिकामं.

जिन्यावर पावलं वाजत होती. लहान. अनवाणी. एकाच माणसाची.

तो धावला. चिमी मधल्या पायरीवर होती. डोळे मिटलेले. एक हात खाली लोंबता. दुसरा वर, बाजूला... मोठ्या माणसाने धरून चालवावं, तसा. शेजारी कुणी नव्हतं. ती खाली उतरत होती. दुकानाकडे. शटरकडे.

"चिमे, थांब!"

"काकू म्हणतायत, चल."

"कोण काकू?"

चिमीने पुढच्या पायरीवर पाय टाकला.

त्याने तिला कवेत घेऊन मागे ओढलं. अंग आलं. तो वरचा हात येईना. पोरगी त्याच्या छातीशी, आणि तिचा हात ताठ, बाहेर, हवेत. त्याने ती बोटं सोडवायला आपला हात घातला...

तिथे काहीतरी होतं. थंड. किंचित चिकट.

त्याने झटकन हात मागे घेतला.

मग त्याला सगळं लख्ख कळलं, पोरांनो. कुणी सांगावं लागलं नाही. त्याने चिमीला तसंच कडेवर घेतलं, दुकानातला दिवा लावला आणि एका हाताने भुशाचं खोकं उलटं केलं. भुसा, ढलप्या, वाकडे खिळे... गुंडाळी सापडली. दातात धरून उलगडली.

तपकिरी भिंत.

नुसती भिंत. हात नव्हता.

चिमीच्या ओठांची कड निळसर पडत चालली होती. तिचा ताणलेला हात तिला शटरच्या दिशेने खेचत होता. हळूहळू. घाई नसल्यासारखा.

"बाई..." सोनेरी रिकाम्या हवेकडे बघत म्हणाला. "बाई, चुकलो. ही माझी आहे. तुमची... तुमची इथे आहे. लावतो मी. परत लावतो."

त्याने ती लाडकी फ्रेम आपटून फोडली. खिळे उपसले. कॅनव्हास टेबलावर पालथा टाकला, कारण जोड मागूनच द्यावा लागतो. शेजारी तो तुकडाही पालथा. कड कडेला भिडवली. कापडाची पट्टी, वर सरस. सगळं एका हाताने. पुढच्या बाजूला काय होतंय ते दिसत नव्हतं. तळव्याने पट्टी दाबून धरून तो उभा राहिला.

सरस बोटांना ओढू लागला.



तो दाबून उभा...

एकदम चिमीचा हात खाली पडला. दोरी तुटावी तसा. आणि ती खरोखरची जागी होऊन मोठ्ठ्याने रडायला लागली. सोनेरी मला म्हणाला, "दोस्ता, पोरीचं रडणं इतकं गोड मला जन्मात लागलं नाही."

उजाडेपर्यंत त्याने चित्र उलटवलं नाही. सकाळी बायको आल्यावर चिमी तिच्या मांडीत दिली, चित्र तसंच पालथं चादरीत गुंडाळलं आणि घड्याळजींचं दार ठोठावलं. कापल्याचं आधी सांगितलं. रात्रीचं मात्र ओठांवर येऊनही सांगवेना.

घड्याळजींनी चादर सोडली. हात जागेवर होता. मुलीची बोटं त्यात होती. जोडाची रेघ बारीक दिसत होती. म्हातारा रागावला नाही. डोळ्याला घड्याळं बघायचं भिंग लावून तो वाकला आणि खूप वेळ वाकलेलाच राहिला.

"शेट, हे निळं काय आहे?"

बाईच्या आणि मुलीच्या बोटांच्या मधून एक निळी रिबीन खाली लोंबत होती. रंगवलेली.

"आमच्या लेकीला रिबिनी नव्हत्या हो," घड्याळजी म्हणाले. "तापात केस काढले होते तिचे."

चिमीची एक रिबीन त्या रात्रीपासून नाही. घर, जिना, दुकान, भुसासुद्धा चाळून झाला.

सोनेरीने नंतर मला मुद्दाम घड्याळजींकडे नेलं. म्हणाला, तुझा जन्म रंगात गेला, तूच बघ, ती रिबीन कुणी हल्ली रंगवलीय का. मी भिंगातून पाहिलं. तेलरंग जुना झाला की त्याला केसासारखे तडे जातात, वीस-वीस वर्षं लागतात त्याला. त्या हाताला तसे तडे होते. ते हातावरून निघून सरळ रिबिनीत शिरत होते, आणि पलीकडे बाहेर पडत होते.