क्रमघंटा

सकाळी टाकीत उतरण्याआधी टोळीचा मुकादम भानुदास घोलपने तिन्ही डिटेक्टर स्वतः तपासले होते. छातीवर अडकवायचं, हाताच्या पंजाएवढं ते यंत्र ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चार वायू मोजायचं. शिवाय या नव्या पिढीचं यंत्र घालणाऱ्याची नाडी आणि श्वासही मोजायचं आणि शेजारच्या यंत्रांशी सतत बोलायचं. भानुदासने चाचणीच्या बाटलीतला वायू प्रत्येकावर सोडला. तिन्ही वाजली. मग आत नळी सोडून टाकीची हवा वर, मधे आणि तळाशी तपासली. सगळं ठीक होतं.

तरीही त्या दिवशी शब्बीर मुजावर मरता मरता वाचला.

रासायनिक वसाहतीतल्या सांडपाण्याच्या टाकीत भानुदास, शब्बीर आणि जनार्दन असे तिघे गाळ खरवडत होते. गाळाखाली साचलेला वायू एकदम सुटला. आधी जनार्दनचा डिटेक्टर किंचाळला. तो शिडीकडे धावला, अर्ध्यात त्याचा पाय घसरला, पण सावरून तो वर गेला. मग भानुदासचा वाजला. शिडीवरून त्याने मागे पाहिलं. शब्बीर अजून खाली उभाच होता.

"शब्बीर, वर ये!"

शब्बीरने छातीवरच्या यंत्राच्या दिव्याकडे पाहिलं. "भानूदादा, माझा तर हिरवा आहे!"

त्याचा डिटेक्टर वाजला तेव्हा तो गुडघ्यांवर कोसळला होता. बाहेरच्या माणसांनी त्याला दोराने ओढून काढलं. जीव वाचला, पण पुढे तो बोलताना शब्द शोधू लागला.

भानुदासने त्याच संध्याकाळी शब्बीरच्या यंत्रावर पुन्हा चाचणीचा वायू सोडला. ते तत्काळ वाजलं. यंत्र चांगलं होतं, मग टाकीत गप्प का राहिलं? कारखान्यातले साहेब म्हणाले, "त्याने हाताने झाकलं असेल." भानुदासला ते पटलं नाही. शब्बीरचे दोन्ही हात खोऱ्यावर होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो थेट यंत्र घडवणाऱ्या प्रयोगशाळेत गेला. डॉ. मीनल वर्तक यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्या दचकल्या नाहीत, तेव्हा त्याचा संशय पक्का झाला.

"यंत्राला वायू कळला होता ना, मॅडम?"

"हो. तिन्ही यंत्रांना एकाच क्षणी कळला होता."

"मग?"

"घोलप, शिडी एक आहे. तिघे एकदम धावले तर शिडीपाशी अडकतात. घाबरलेला माणूस धापा टाकतो, दुप्पट-तिप्पट विष ओढतो. जुन्या अपघातांत कितीतरी जण असे गेले. म्हणून यंत्रं आपसात ठरवतात, आधी कोणाला सांगायचं. आम्ही याला क्रमघंटा म्हणतो. जो लवकर घाबरतो, त्याला आधी. ज्याचा श्वास संथ, तो जास्त वेळ तग धरतो, म्हणून त्याला शेवटी. फरक काही सेकंदांचाच असतो. जनार्दन घसरला नसता तर शब्बीरही धडधाकट बाहेर आला असता."

"म्हणजे तो शांत होता, हाच त्याचा गुन्हा?"

डॉ. वर्तक म्हणाल्या, "तिन्ही यंत्रं एकदम वाजली असती तर तुमच्यातले दोघे गेले असते. मी गणित पुन्हा पुन्हा मांडून पाहिलंय. त्या दोघांत तुम्ही होता."

भानुदास उठून दाराकडे वळला.

"तुमच्या टोळीपुरती क्रमघंटा बंद करून देते," त्या म्हणाल्या. "किंवा चालू राहू दे. पण मग टोळीत कोणाला सांगू नका. हिरव्या दिव्याचा अर्थ 'हवा स्वच्छ' की 'तुझी पाळी अजून आली नाही', हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की कोणी शांत राहणार नाही आणि सगळं गणितच मोडेल. बोला, काय करू?"

जिन्यावरून उतरताना भानुदासला आपलाच राग आला होता. तो म्हणाला होता, "राहू द्या चालू."

तो शब्बीरला भेटायला इस्पितळात गेला. शब्बीरने बराच वेळ ओठ हलवून विचारलं, "दादा, माझं... यंत्र... बिघडलं होतं?"

"हो," भानुदास म्हणाला. "बदलून घेतलंय."

पुढच्या आठवड्यात शब्बीरच्या जागी माणूस निवडायला त्याला बोलावलं. दोघे आले होते. पहिला चपळ होता, टाक्यांचं काम केलेला, पण सारखा बोलत होता, गुडघा हलवत होता. दुसरा, एकनाथ शेलार, नवखा होता. तो भिंतीला टेकून निवांत बसला होता. बाहेर पिंप आदळून मोठा आवाज झाला, तेव्हा त्याने फक्त मान वळवली.

"हा चालेल," भानुदास म्हणाला.

साहेबांना नवल वाटलं. "अनुभव तर त्या पहिल्याला आहे."

"आत शांत माणूस लागतो, साहेब."

एकनाथ आनंदाने पुढे आला. भानुदासने त्याचा हात हातात घेतला आणि त्याची बोटं घसरत एकनाथच्या मनगटावर गेली. नाडी संथ होती. भानुदासच्या स्वतःच्या नाडीपेक्षा पुष्कळ संथ.